पंधरा नंबरचं लोशन

२ एप्रिल १९९३, शुक्रवार. धुळे.

आज दुपारी पांझरेच्या पुलाजवळ, रसवंतीसमोर, मंगला मला बघून म्हणाली, "अरे, तू होय! मला वाटलं डांबरवाला आहे कोणी," आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.

मंगला म्हणजे मागच्या गल्लीतल्या द्रौपदाकाकूंची धाकटी. डी.एड. करते. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे कूलर बसवायला गेलो होतो, तेव्हा तिने तांब्याभर पाणी दिलं आणि वर "दमला असशील" असंही म्हणाली. अशी वाक्यं मुली उगाच खर्च करत नाहीत. वर्षभर मी योग्य वेळेची वाट बघतोय. आणि आज हा डांबरवाला.

दोष उन्हाचा आहे. माझा मूळ रंग गव्हाळ. (आई काळासावळा म्हणते. आईला रंगातलं कळत नाही.) एस.वाय.ला असताना अकाउंट्सच्या सरांशी तत्त्वाचा वाद झाला, मी कॉलेज सोडलं आणि तेव्हापासून जीवरामनानांच्या दुकानात आहे. नाना माझे सख्खे काका. पत्र्याचे कूलर बनवतात. लोकांच्या गच्च्यांवर चढून, खिडक्यांना लोंबकळून मी अख्खं धुळं थंड करतो आणि स्वतः करपतो.

संकल्प : चेहरा वाचवायचा. राग आवरायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत मंगलाला विचारायचं. आखाजीला तिच्या तिघी बहिणी माहेरी येतील, अंगणात झोके बांधतील, मग त्या घरात पुरुषाला बोलायला जागा उरत नाही.

३ एप्रिल, शनिवार.

रसवंतीवाला काल मंगलाच्या बोलण्यावर हसला होता. सकाळी जाऊन त्याला झाडला. राग आवरायचा संकल्प सोमवारपासून.

तिथून कांतीलालशेठच्या मेडिकलवर. उन्हापासून वाचवणारं काहीतरी द्या म्हटलं. शेठ म्हणाले, "छत्री घे."

मी म्हटलं, तोंडाला लावायचं हवंय, मुंबईत लावतात. शेठ आत गेले, फडक्याने पुसत पुसत एक बाटली घेऊन आले. सनस्क्रीन लोशन. बाटलीवर मोठी टोपी घातलेली बाई. मी म्हटलं, पुरुषांचं दाखवा. पुरुषांचं निघतच नाही म्हणे! मग मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. पुरुषाची कातडी मुळात जाड, त्यात दाढीमुळे राठ, तिला बायकांचं नाजूक लोशन कसं पुरणार? शेठ म्हणाले, "भाऊ, एवढी जाड कातडी आहे तर उन्हाला घाबरतो कशाला?" गिऱ्हाईकं हसली. मी हे कौतुक म्हणून घेतलं.

बाटलीवर पंधराचा आकडा आहे. शेठ म्हणतात, दर दोन तासांनी परत लावायचं. बाटली लवकर संपली की फायदा कोणाचा, एवढं मला कळतं. कॉमर्सला होतो मी. पंधरा नंबर म्हणजे पंधरा दिवस. एकदा लावायचं, पंधरा दिवस तोंडाला पाणी लावायचं नाही. हिशेब सरळ आहे.

बाटली फळीवर ठेवली. बाईचं तोंड भिंतीकडे.

५ एप्रिल, सोमवार.

लावलं. कातडी जाड म्हणून थरही जाड दिला.

नाना म्हणाले, "पिठाच्या गिरणीत पडला का रे?" उत्तर दिलं नाही. (राग आवरला. नोंद असावी.)

साक्री रोडला आक्काबाई म्हणून म्हातारी आहे, तिच्याकडे कूलरची वाळ्याची ताटी बदलायची होती. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "अरे, पोरगं पांढरंफटक पडलं! ऊन लागलं याला!" मी सांगतोय, आजी, काही नाही, लोशन आहे. ती ऐकते कुठे! मला ओसरीवर आडवा केला. कांदा फोडून नाकाशी धरला. सुनेला बोलावून काशाच्या वाटीने तळपाय घासायला लावले. मला गुदगुल्या होतात. मी हसलो, तर म्हातारी म्हणाली, "वात झाला." साखरपाणी पाजून रिक्षात घालून परत पाठवलं.

थंड डोक्याने विचार केला तर लोशनने काम केलं आहे. अख्खी दुपार अंगावर ऊन पडलं नाही.

६ एप्रिल, मंगळवार.

अडचण फक्त रंगाची आहे. लोशन पांढरं, मी गव्हाळ. मेळ घालायला हवा. आई बहिणीच्या बाळंतपणाला जळगावला गेली आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात प्रयोगाला मोकळीक.

चहाचं पाणी घातलं. लोशन नासलं, दुधासारखं.

कूलरच्या पत्र्याला गंजू नये म्हणून नाना तांबडा रंग देतात, त्यातला एक थेंब घातला. एकच. गाल रॉकेलने पुसावे लागले. पंधरा दिवसांचा हिशेब तिथे मोडला, पण विज्ञानात असं होतंच.

शेवटी आईच्या डब्यातली हळद. अहाहा! वाटीत कालवलं, तोंडाला, मानेला, दंडांना चोपडलं. आरशात पाहिलं तर नेमका माझा मूळ रंग. (आरसा माजघरात आहे. तिथे उजेड कमी येतो, पण रंग ओळखू येतो.)

मंगला, आता बोल डांबरवाला.

८ एप्रिल, गुरुवार.

विलक्षण दिवस. सविस्तर लिहितो.

ऊन लागू नये म्हणून जवळ लिंबू ठेव, असं आईने जाताना बजावलं होतं. एका खिशात लोशनची बाटली, दुसऱ्यात वायरी आणि नटबोल्ट. म्हणून लिंबू स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला खोचलं आणि तो हातात धरून निघालो. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता.

लोक थांबून बघत होते. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. ज्याला शनिवारी झाडला त्या रसवंतीवाल्याने स्वतः हाक मारून थंड रस पाजला आणि पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, माणसाचं रूप उजळलं की जग वेगळं वागतं.

पारोळा रोडला एका बाबाने सायकल थांबवून विचारलं, "काय रे भाऊ, हयद लागनी का? नवरी कोनता गावनी शे?"

मी उसळलोच. म्हटलं, कसली हळद, कसली नवरी! बाबा हसत म्हणाला, "लाजू नको भो, बठ्ठा पिवया दिखी राहिना तू!" आणि घंटी वाजवत गेला.

एका चपलांच्या दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिलं. उन्हात. तोंड, मान, दंड पिवळेजर्द. डोक्याला टॉवेल. हातात टोकाला लिंबू खोचलेलं हत्यार. हळद लागलेला नवरदेव कट्यारीला लिंबू लावून हिंडतो, अगदी तसाच.

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन तोंड धुतलं असतं. मी काचेसमोरच उभा राहून विचार केला. ही बातमी मंगलाच्या कानावर गेली तर? माझं, म्हणजे गिरधरचं, लग्न ठरलं म्हटल्यावर तिच्या काळजाचं पाणी होईल. जे वर्षभर ओठांवर आलं नाही ते धावत येईल.

नाकारायचं नाही. अजिबात नाकारायचं नाही.

९ एप्रिल, शुक्रवार.

नवरी साक्रीची. एवढंच सांगायचं ठरवलं होतं. किराणा दुकानात गर्दी जमली, म्हणून सासऱ्याला भाताची गिरणी दिली. पिठाच्या चक्कीवर एक मेव्हणा पोलीस खात्यात लावला.

काम बंद पडलंय. कोणी गच्चीवर चढूच देत नाही. "हळदीच्या अंगाने उन्हात? तुझी आई काय म्हणेल?" असं म्हणून आत बसवतात, पंखा लावतात, घरधनी स्वतः वर जाऊन बोल्ट आवळतो. एकाला तर मी खालून ओरडून सूचनाही दिल्या. म्हणजे लोशन पंधरा नंबरपेक्षाही चांगलं आहे.

नानांना लोक दुकानात येऊन अभिनंदन करतात. तिथे कूलरचे पंखे तपासणीला चालू असतात, नानांना ओठ हललेले दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. ते सगळ्यांना मान डोलावून हो म्हणतात. योग सगळे जुळून येताहेत.

१० एप्रिल, शनिवार.

चिंधाआबा भेटले. धुळ्यातली निम्मी लग्नं या माणसाने जमवली. काठी टेकत आमच्या दुकानाकडेच येत होते. मला बघून जागच्या जागी उभे राहिले. खालून वर पाहिलं. लिंबाकडे पाहिलं. म्हणाले, "लागनी का रे हयद?"

मी छाती काढून म्हटलं, "हो आबा. साक्रीची."

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "बरं व्हयनं. मन्हा फेरा वाचना." आणि उलट्या पावली फिरले. नानांना भेटलेसुद्धा नाहीत.

मनातल्या मनात टाळी दिली. आबांच्या पोटात काही राहत नाही. आज दिवेलागणीच्या आत मंगलाच्या घरी बातमी पोचणार.

११ एप्रिल, रविवार.

पोचली! द्रौपदाकाकूंनी नानांजवळ निरोप ठेवला. गिरधरला मंगळवारी दुपारी जेवायला पाठवा. (नाना म्हणाले, "कूलर बिघडला असेल त्यांचा, पाना घेऊन जा.")

तिला राहवलं नाही. आईला सांगितलं असणार, आई, काहीही कर पण त्याला थांबव.

हळदीचा नवा हात दिला. ऐन वेळी फिकं दिसायला नको.

१२ एप्रिल, सोमवार.

मंगलाशी काय बोलायचं ते पाठ केलं. ती रडेल. मी आधी जरा कठोर राहणार. "डांबरवाला" या शब्दाचा खुलासा मागणार. मग मोठ्या मनाने सांगणार की साक्रीची गिरणी मी तुझ्यासाठी सोडतो.

कठोर चेहऱ्याचा सराव केला. हळद वाळल्यामुळे फार हालत नाही, आपोआपच कठोर दिसतो.

१३ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

गेलो. पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. खापराची पुरणपोळी, आमरस, भजी. काकूंनी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. म्हणाल्या, "हळद लागल्यावर केळवण करत नाहीत रे, पण तुझं घाईघाईत ठरलेलं दिसतंय. म्हटलं, घरचा पोरगा, राहून जायला नको."

मंगला वाढत होती. रडत नव्हती. हसून विचारलं, "वहिनी किती शिकल्यात?"

मी कठोर चेहरा केला. तिला तो दिसला नाही.

मग काकू समोर बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही गिरधर. शनिवारी चिंधाआबांना मीच पाठवलं होतं तुझ्या नानांकडे. आमच्या मंगलासाठी तुला विचारायला. मी म्हणत होते, पोरगा रंगाने जरा डावाच आहे. तर हीच मला म्हणाली, रंगाचं काय घेऊन बसलीस, भर उन्हात गच्चीवर राबतो, असा माणूस घर चालवतो. मीच हो म्हटलं मग. पण आबा वाटेतूनच परत आले, म्हणे, तो तर पिवळा होऊन बसलाय! दोंडाईच्याचं स्थळ थांबलं होतं, त्यांना कळवलं. काल सुपारी फुटली."

आमरसाची वाटी हातात होती, ती खाली ठेवता येईना.

मंगलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोळी गार होतेय."

मग मी सगळं सांगितलं. साक्री नाही, गिरणी नाही, मेव्हणा नाही, कोणीच नाही. हे लोशन आहे, ते पांढरं दिसत होतं म्हणून त्यात हळद घातली, पंधरा नंबर आहे. एका दमात सांगितलं. खरं बोलायला इतका जोर लागतो हे माहीत नव्हतं.

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "लोशन म्हणे! अगं मंगला, किती लाजतोय बघ. लग्नाआधीच बायको लपवून ठेवतोय."

मी खिशातली बाटली काढून मंगलासमोर धरली. म्हटलं, वाच. मंगलाने ती उलटसुलट करून बघितली. टोपीवाल्या बाईकडे बघितलं. म्हणाली, "अय्या, वहिनींसाठी घेतलंस! आई, किती हौशी आहे बघ." मग जरा हळू आवाजात विचारलं, "कुठे मिळतं रे हे? दोंडाईच्याचे आमचे ते शेतावर असतात दिवसभर. तुझ्यापेक्षाही काळे आहेत." आणि लाजली.

"कांतीलालशेठकडे," मी म्हणालो.

उठलो. हात धुतले. नारळ, टॉवेल-टोपी काखेत मारली. ठरवलं होतं, निदान दार असं आपटायचं की गल्लीला कळावं. उंबरा ओलांडला, कडी हातात धरली, तेवढ्यात मंगला आतून म्हणाली, "दार हळू लाव रे, झळा येतात. आणि सरळ घरी जा, हळदीचं अंग आहे तुझं."

बाहेर आलो. दार हळू लावलं.