बाबांची दोन बोटं

४ मार्च, सोमवार

शाळेची व्हॅन परत आली. महिन्यापूर्वीच मागचा अ‍ॅक्सल उघडून दातेरी पिनियनची बेअरिंगं बदलली होती. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मागून रडतेय ओ गाडी."

"बेअरिंगच हलकी निघाली," बाबा म्हणाले. उघडलं तर जळून निळी पडलेली. म्हणजे नट जास्त आवळला गेलेला. बाबांच्या हातून? कंबर मोडलीय आज. झोपते.

५ मार्च, मंगळवार

नवी बेअरिंगं घातली. बाबांची पद्धत तीच — पान्याला पाईप लावून नट आवळायचा, दोन बोटांनी पिनियन फिरवून बघायची, "बस्स" म्हणायचं. कॉलेज संपवून मी गॅरेजात आले तेव्हा पिनियन किती जड फिरते ते दाखवणारा माझा काट्याचा पाना बघून बाबा हसले होते. "चहात साखरपण मोजून घाल आता." मी हट्टानं मोजलं होतं. काट्यावर दोन हवं, दोनच भरलं. दहा गाड्या, दहाही वेळा दोन. मग मीच मोजणं सोडलं.

आज ते जेवायला घरी गेल्यावर काटा लावला. साडेचार!

नट सैल करून भागत नाही. बेअरिंगांमधली नळी, स्लीव्ह, एकदा चेपली की चेपली, नट सोडला तर बेअरिंग खुळखुळणार. सगळं काढलं, नवी स्लीव्ह घातली, दोनवर आणलं. जेमतेम तासात. बाबा आले, पिनियन फिरवली. "बघ, कसं बसलंय."

मी मान हलवली.

७ मार्च, गुरुवार

आईला विचारलं, बाबांचा हात दुखतो का.

"दुखत नाही, तेच तर. परवा गरम पातेलं उघड्या हातानं उचललं. मी ओरडले तेव्हा कळलं त्यांना. डॉक्टरांचं तू काढ बाई. शिकलेली तू, तुझं ऐकतील."

चार वर्षं शिकले. हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

११ मार्च, सोमवार

शाळेची दुसरी व्हॅन. बाबा जेवायला गेल्यावर काटा लावला. पाच. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. जेवले नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज सांगायचंच म्हणून गेले. तर बाबा व्हॅनच्या ड्रायव्हरला सांगत होते, "माझ्या हाताला मीटर लागत नाही. विचार आमच्या इंजिनिअरला."

"नाही लागत," मी म्हटलं. कॉलेजात प्रयोगाचे आकडे ढापणाऱ्या पोरींशी मी अबोला धरला होता. आणि या गाड्यांत मुलं बसतात.

खणात एकच स्लीव्ह उरलीय. मागवायची तर बाबा विचारतील, कशाला. उद्या सांगते.

१३ मार्च, बुधवार

नाही सांगितलं.

१४ मार्च, गुरुवार

तिसरी व्हॅन. सकाळी खण उघडला तर सहा नव्या स्लीव्ह. शेजारी माझा काट्याचा पाना, पुसून ठेवलेला.

दुपारी बाबांनी नट आवळला, पिनियन फिरवली. "बस्स" म्हणाले नाहीत. हात पुसून चपला घातल्या.

"आज सावकाश जेवून येतो. रोज तुझी घाई होते."