वाळवण्याआधीचं वजन

१२ जानेवारी

चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र कामाचं आहे. आमच्या औषध कारखान्याच्या साहेबांनी तुझ्या पीएच.डी.च्या सरांचा लेख वाचला. अमाइनच्या रेणूला कार्बनचं एक शेपूट जोडायची पद्धत, उतारा म्हणजे हाती येणारा माल चौऱ्याण्णव टक्के. साहेब हरखले. मोठ्या भांड्यात लावा म्हणतात. मी छोट्या भांड्यात करून पाहिली. चाळीसच्या वर जात नाही. एक शेपूट लागलं की अमाइनची भूक वाढते. ते दुसरंही लावून घेतं, मग तिसरं. तळाशी नुसता चिकटा. सर नेमकं काय करतात?

मामीने दाराबाहेर खिळा ठोकला आहे. अमाइनमुळे सडक्या मासळीसारखा वास मारणारा शर्ट तिथेच राहतो, मी आत.

लोभ आहेच, तो विरळ होऊ देऊ नकोस.
मामा

२० जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

माझेही चाळीसच येतात. सर म्हणतात, माझ्या हातात श्रद्धा नाही. खरं कारण तुला म्हणून सांगते. आमच्याकडे पदार्थ वाळवण्याआधी तोलतात, मी वाळवून तोलते. सरांच्या गुरूंपासूनची रीत आहे. वाळवताना माल उडतो, असं ते सांगत. उडतो तो द्रावक. एकदा एकशे चार टक्के आले होते. सरांनी विनयाने चौऱ्याण्णव छापले.

मी गुपचूप दुसरी वाट धरली आहे. अमाइन आधी अल्डिहाइडशी जोडायचं, मग हलक्या हाताने क्षपण करायचं, म्हणजे हायड्रोजन जोडायचा. एकच शेपूट लागतं. वाळवून अठ्ठ्याऐंशी. पण प्रबंधावर सही सरांची लागते. तोंड उघडलं तर सगळी वर्षं पाण्यात. आईला कळवू नकोस. तिने शेजारीपाजारी मला आत्तापासूनच डॉक्टर करून टाकलं आहे.

आहे तसा लोभ राहू दे.
भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.

साहेबांनी सरांनाच बोलावलं. सरांनी प्रयोग केला, ओला लगदा तराजूवर ठेवला. सत्त्याण्णव टक्के. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे न वाळवता काही पुढे जात नाही, म्हणून मी थाळी भट्टीत सरकवली. परत तोलली तर एकोणचाळीस. सरांनी भट्टीचं दार उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, तुमची भट्टी माल खाते.

साहेबांनी नवी भट्टी मागवली आहे.

ती बसली की मोठं भांडं लागणार. फसलं तर नोटीस भट्टीला जाणार नाही, मला येईल. तुझी वाट साहेबांपुढे ठेवायला काही लिहिलेलं हवं होतं. पण तुझं नाव मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. तू आधी तुझी सही बघ.

माया पातळ करू नकोस.
मामा

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध सरांपुढे ठेवला. दुसरी वाट त्यांना आवडली. आपलीच सुधारलेली पद्धत आहे म्हणाले. फक्त पहिल्या पानावरचं एक वाक्य खोडायला सांगितलं: सर्व वजनं वाळवल्यानंतरची आहेत. गुरूंचा अपमान होतो म्हणे. मी खोडणार नाही म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सही नसलेली प्रत सोबत पाठवते. भांड्याला सही लागत नाही. माझं नाव घे, साहेबांना दाखव, आणि कारखान्यात एखादी जागा आहे का तेही विचार. आईला मीच सांगितलं. ती शेजाऱ्यांना सांगते, संशोधन फार मोठं निघालं, म्हणून लांबलं.

मामीला म्हणावं, दाराबाहेर आणखी एक खिळा ठोक.

लोभ वाढवावा, वाळवून तोलला तरी भरेल इतका.
भाची