क्विन्स कॉटेज आणि माझी दूरदृष्टी

५ एप्रिल
अखेर शांतता! नेदर कॉम्बरी. जुनं दगडी चर्च, बदकांचं तळं, मूठभर घरं, एक पब. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या वाहतूक खात्यात अख्खा जन्म हॉर्न ऐकण्यात गेला. आता मरेपर्यंत इथेच. तूर्त पबच्या माडीवर खोली घेतलीय.

मॉरीनचा फोन. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाल्यापासून डॉक्टरांनी तिला ओल आणि गार वारा वर्ज्य सांगितलाय. म्हणाली, उबदार घर मिळालं तर येते, नाहीतर मी आपली बहिणीकडेच बरी. मी म्हटलं, थंडीच्या आत घर तयार. शब्द दिला. नवऱ्याचा शब्द आहे, खाऊ नाही.

७ एप्रिल, गुरुवार
संध्याकाळी दीड तास चर्चच्या घंटा. मला वाटलं कुणी गेलं. पबवाला लेन म्हणाला, कुणी गेलं नाही साहेब, सराव आहे, दर गुरुवारी असतो. दर गुरुवारी!

१२ एप्रिल
घर सापडलं. क्विन्स कॉटेज. मालकीणबाई मिस क्वेनेल, वय चौऱ्याऐंशी, जिना चढवत नाही म्हणून विकताहेत. बोर्नमथला पुतणी आहे म्हणाल्या, म्हणजे तिकडेच जात असणार. चहा पाजला, केक खाऊ घातला आणि माझा भाव ऐकून म्हणाल्या, बरं आहे की. झालं! घर माझं.
लेन म्हणतो, करार होईपर्यंत होकाराला काडीची किंमत नसते, उगाच हुरळून जाऊ नका. लेनला माणसं कळत नाहीत.

बेत: दुहेरी काचांच्या खिडक्या, फरशीखाली गरम पाण्याचे नळ. मॉरीनला सांगितलं. खूश झाली. म्हणाली, लवकर कर रे, इथे सोफ्यावर बहिणीचा कुत्रा मधे बसतो नि मी कडेला.

२८ एप्रिल
गावसभा. मी दोन मुद्दे मांडले. एक, घंटांचा सराव बंद. दोन, मागच्या कुरणात विटांची सहा बैठी घरं बांधायला घेतलीत, ते काम ताबडतोब थांबवा. प्लास्टिकच्या खिडक्या! अशा ऐतिहासिक गावात!
सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एक जण म्हणाला, धाडसी विचार आहे बुवा. एक बाई म्हणाल्या, यावर कधीतरी बोलायला हवं. गाव पूर्ण माझ्या बाजूने.

नंतर कळलं, मिस क्वेनेल साठ वर्षं घंटा वाजवताहेत. दर घंटेच्या दोरीला एक माणूस असतो, तिसरी दोरी त्यांची. हे आधी सांगायला काय झालं होतं लोकांना?

११ मे
घात झाला. लंडनचं एक जोडपं क्विन्स कॉटेज बघून गेलं. माझ्यापेक्षा जास्त देतो म्हणतात. मागची भिंत पाडून काचेची खोली काढणार, दार करड्या रंगाचं करणार. मिस क्वेनेलना विचारलं, तर म्हणाल्या, विचार करते. माझा केकसुद्धा बंद झाला, नुसता चहा.
मॉरीनला काही सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

१३ मे
सुचलं! मिस क्वेनेलच्या स्वयंपाकघरात कपाटामागे गिलावा पडलाय. आत जाडजूड ओकचे वासे. म्हणजे दर्शनी विटा नंतरच्या, आतलं घर चारशे वर्षांचं, आणि गावात कुणाला पत्ता नाही. वारसा खात्याला कळवायचं. एकदा घर संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं की खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकता येत नाही. लंडनवाले पळत सुटतील.
आठ पानी अर्ज केला. खिडक्यांच्या वेड्यावाकड्या काचा, उघडी विटांची जमीन, फटींतून खेळणारा वारा, सगळ्यांची तोंड भरून स्तुती. एक वाक्य तर फारच उतरलंय: या घराला श्वास घेऊ द्या.

२० सप्टेंबर
जिंकलो!! घर यादीत. लंडनवाले पसार.
मिस क्वेनेल भडकल्यात. म्हणाल्या, इतकी वर्षं राहिले, कुणी माझ्या फडताळाचे फोटो काढायला आलं नव्हतं, आता घर घ्यायलाही कुणी फिरकेना. मी म्हटलं, मी आहे ना! त्या म्हणाल्या, हो, आता तुम्हीच आहात.
लेन विचारत होता, पण साहेब, तेच घर तुम्ही घेताय ना? आणि हसत सुटला. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे. वारसा जपणाऱ्याला खातं थोडंच अडवणार?

२८ ऑक्टोबर
करार झाला, किल्ली हातात. पहिलं काम: दारावर फलक ठोकला: बैठी घरं नकोत. चार खिळे.
दुसरं: मिस क्वेनेल बोर्नमथला गेल्याच नाहीत. कुरणातल्या एक नंबरच्या बैठ्या घरात राहायला गेल्या. म्हणाल्या, मी कधी म्हटलं होतं जाते म्हणून? तुमच्या म्हणण्याप्रमाणे इथलं काम थांबलं असतं, तर मला ते घर सोडता आलं नसतं आणि तुम्हाला मिळालं नसतं. हा मुद्दा माझ्या लक्षात होताच.

९ नोव्हेंबर
वारसा खात्याच्या प्रिचर्डबाई आल्या. गोड बोलतात. दुहेरी काचा? नाही. आतून दुसरी काच? तीही नको, लाकडाला धक्का लागेल. जमिनीखाली नळ? छे छे! मी चिडून विचारलं, फटी तरी बुजवू ना? तर बाईंनी माझाच अर्ज काढला नि वाचून दाखवला. श्वास घेऊ द्या. म्हणाल्या, किती सुंदर लिहिलंत हो, आम्ही हे ऑफिसात लावलंय.
असा संताप आला! पण स्तुती ती स्तुतीच.

१९ नोव्हेंबर
काल मॉरीन आली. कोट घालूनच जेवली. सूप बशीत ओतेपर्यंत गार. मग खोकायला लागली ती थांबेचना. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? रात्री झोपायला तिला मिस क्वेनेलकडे पाठवावं लागलं.
सकाळी परत आली ती गुलाबी गालांनी. म्हणाली, डेस्मंड, घर विकून निघ. मी म्हटलं, विकायचं कुणाला? तूच सांग. तिने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, मला यायचं होतं रे तुझ्याकडे.

३ डिसेंबर
मॉरीनने कुरणातलं दोन नंबरचं घर घेतलं. क्रॉयडनच्या विकलेल्या घरात तिचा वाटा होता, त्यातून. मला विचारलंसुद्धा नाही! वर निरोप: तुझी खोली तयार आहे, पण आधी तो फलक काढ, शेजारी काय म्हणतील?
मुळीच काढणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ डिसेंबर
नळातलं पाणी गोठलं. आंघोळीपुरता मॉरीनकडे जाऊन आलो. तत्त्वाला धक्का नाही.

११ डिसेंबर
फलक काढला. वाऱ्याने हलत होता, कुणाच्या डोक्यात पडला असता. खिळ्यांची चार भोकं राहिलीत. प्रिचर्डबाई म्हणतात, ती बुजवायची तर परवानगी काढा.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
मुक्काम दोन नंबर. तात्पुरता. क्विन्स कॉटेज श्वास घेतंय.
घर उबदार आहे, नाही म्हणत नाही. मॉरीनचा खोकला गेला. आज ती घरी नाही. मिस क्वेनेलनी आपली तिसरी दोरी तिला दिलीय. डॉक्टर म्हणाले, छातीला चांगलंच. साडेसातला खुर्ची ओढून बसलो आणि घंटांची वाट पाहत राहिलो. एक नाही, दोन नाही. मला वाटलं, सराव रद्द झाला. मग लक्षात आलं, दुहेरी काचा.

जन्मभर जी शांतता शोधत होतो ती हीच. सहा मिनिटं बसलो असेन. मग उठून खिडकी उघडली. थंडी आत आली, घंटाही आल्या. तिसरी दरवेळी जरा मागे पडते.
ती मॉरीन.