सकर्मक आई आणि अकर्मक बाबा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात फक्त मान लववली आहे, उरलेली अंगं तू गृहीत धर.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला, की अजून घरात मुक्कामाला आहे? इकडे आम्ही मजेत. तुझी भावजयही बरी असावी. विचारायला सवड झालेली नाही, कारण गेला महिनाभर मी स्त्रियांच्या हक्कांत आकंठ बुडालो होतो.

झालं असं, की शाळेला वरून आदेश आला. भाषेच्या तासांना मुलांना स्त्रियांचे हक्क आणि कर्तृत्व शिकवावं आणि शेवटी जाहीर कार्यक्रम करावा. आमच्या मुख्याध्यापकांनी (माणूस सज्जन, पण घरात मीठ संपलं तरी परिपत्रक काढील) तो शिक्षकांच्या खोलीत खड्या आवाजात वाचला. खोलीत आम्ही मोजके पुरुष, बाकी सगळ्या शिक्षिका. विषय गंभीर असल्यामुळे तो माझ्याकडे आला. पडदे, फुलं आणि पाहुण्यांचा चहा शिक्षिकांकडे गेला. गणिताच्या बाईंनी (माझं जेवढं वय, तेवढी त्यांची नोकरी) विचारलं, आमच्यापैकी कुणी बोललं तर चालेल का? मी समजावलं, की बाई, तुमच्याच थोरवीवर तुम्हीच बोललात तर ती आत्मस्तुती नाही का होणार? त्यावर त्यांनी चहाच्या कपांची यादी करायला घेतली. पटलं असावं.

पहिल्या तासाला मी 'स्त्रीला बोलू द्या' या विषयावर बोललो. घंटा होईपर्यंत बोललो आणि घंटा झाल्यावरही थोडा बोललो. मागे काही मुलींचे हात वर होते. पण ऐन रंगात आलेल्या माणसानं हातांकडे बघायचं की विषयाकडे?

दुसऱ्या तासाला, व्याकरण मागे पडू नये म्हणून, मी दोन्ही गोष्टींची मोट बांधली. फळ्यावर लिहिलं: ज्याला कर्म लागतं ते क्रियापद सकर्मक, जसं, 'ती भांडी घासते.' ज्याला लागत नाही ते अकर्मक, जसं, 'तो झोपतो.' (उदाहरणं आपोआप सुचली. यात माझा काही हेतू नव्हता, हे मी नंतर लेखी दिलेलं आहे.) मग घरच्या माणसांवर अशी वाक्यं लिहून आणायला सांगितलं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. सारखी प्रश्न विचारते म्हणून आम्ही शिक्षक तिला 'शंका' म्हणतो. तिनं लिहिलं: "माझी आई सकर्मक आहे. ती पाणी भरते, डबे भरते, बिलं भरते, दवाखान्यात इंजेक्शनं देते, माझे केस विंचरते. बाबा अकर्मक आहेत. ते उठतात, बसतात, झोपतात, घोरतात, कधीकधी रुसतात." ताई, व्याकरणाची एक चूक असेल तर शपथ! मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो उतारा कार्यक्रमात वाचण्यासाठी निवडला. मजकूर काय आहे हे भाषेच्या शिक्षकानं बघायचं नसतं.

पण नशीब बघ. हे अकर्मक गृहस्थच पालकसंघाचे अध्यक्ष, आणि कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणेही तेच! दुसऱ्या दिवशी तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. "मला अकर्मक म्हणता? भर शाळेत?" मी नम्रपणे म्हटलं, साहेब, ही शिवी नव्हे, अकर्मक म्हणजे ज्याला कर्म लागत नाही तो. "मग तेच की!" असं म्हणून ते खुर्चीत बसले. (म्हणजे पुन्हा अकर्मकच, पण मी जीभ चावली.)

मुख्याध्यापकांनी डोळ्यांनी मला खुणावलं. मी शंकेला बोलावून घेतलं आणि मधाचं बोट लावून म्हणालो, बाळ, 'बाबा' काढ आणि 'शेजारचे काका' घाल.

"पण सर, शेजारचे काका भांडी घासतात."

मग ती वडिलांकडे वळली. आवाजात आगाऊपणा नव्हता. उलट पोरीला खरंच वाटत होतं की काहीतरी राहिलं असेल. "बाबा, तुम्ही एक सकर्मक सांगा ना. मी लगेच लिहिते."

"मी पैसे कमावतो!"

"ते आईकडेही आहे. आणखी?"

अध्यक्ष छताकडे बघू लागले. तिथं पंखा फिरत होता. "पंखा," ते म्हणाले, "रात्री पंखा मी बंद करतो."

तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

कार्यक्रमाला व्यासपीठावर आम्ही सगळे पुरुष ओळीनं बसलो. शिक्षिका पडद्यापाशी चहाचे ट्रे धरून उभ्या होत्या. शंकेनं वाचलं. 'रुसतात' पर्यंत लोक हसू आवरून होते. 'बाबा पंखा बंद करतात' आलं आणि मागच्या बायकांमध्ये हशा पिकला. दवाखान्यातून थेट गणवेशात आलेली शंकेची आई उठून म्हणाली, "आणि तो पुसते मी!" मग काय, ट्रेमधल्या कपबश्यासुद्धा हसायला लागल्या. मी तेवढा गंभीर राहिलो.

याचा परिणाम असा, की शंकेला शाळेच्या वक्तृत्व संघातून काढलं. तिच्या जागी एका गुणी मुलाला घेतलं. स्पर्धेचा विषय होता 'मुलींनी निर्भयपणे बोलावे', आणि मुलाचा आवाज खणखणीत आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी मान डोलावली. नोकरी करायची म्हणजे मान सैल ठेवावी लागते. पण दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई सगळ्या शिक्षिकांना घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "पोरीचं नाव परत येईपर्यंत आम्ही इथंच बसतो. वर्ग सरांना सांभाळू द्या, त्यांना विषय येतो." एकाच वेळी सगळे वर्ग! मी दारातून हात जोडले. मधल्या सुट्टीच्या आत नाव परत आलं.

शंका स्पर्धेला गेली, ढाल घेऊन आली. वरिष्ठांना गेलेल्या अहवालात 'सरांच्या प्रेरणेने' असा उल्लेख आहे (मसुदा मीच केला). आता इतर शाळांतून मला स्त्रीहक्कांवर व्याख्यानाची बोलावणी येताहेत. बहिणीला अभिमान वाटेल म्हणून कळवलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोबत एक कागद आहे. किरकोळ आहे. आम्ही राहतो त्या आपल्या बाबांच्या घरातला तुझा हिस्सा तू राजीखुशीनं सोडलास, एवढंच त्यात म्हटलं आहे. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही कर. वाचत बसू नकोस, भाषा क्लिष्ट आहे.

ता. क. २ : बहीणभावांत व्यवहार आणू नये, म्हणून त्या बदल्यात काही लिहिलेलं नाही.

वन्सं, हे अक्षर माझं. पत्र पाकिटात घालून टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. वर म्हटलेला कागद तुम्हाला सापडणार नाही. त्याच्या जागी माडीवरच्या खोलीची किल्ली घातली आहे. सुट्टीत राहायला या, आणि जाताना ती परत देऊ नका.
तुमची भावजय