कातकरी बोलायचं नाही

आश्रमशाळा, ता. सुधागड
२१ सप्टेंबर २०२५

ती. सगुणाआत्यास,
प्रज्ञाचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्रास कारण की, डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तर तू माझ्या लग्नाखेरीज बोलत नाहीस. इथे येऊन तीन महिने झाले. पहिलीत सव्वीस मुलं, सगळी कातकरीवाडीची, शाळेतच राहणारी. जूनमध्ये मी बोलले की नुसती बघत राहायची. मग मी नियम केला: वर्गात, जेवताना, खेळताना, कुठेही कातकरी बोलायचं नाही. आता कशी स्वच्छ मराठी बोलतात! रंगू म्हणून सहा वर्षांची चिमुरडी आहे. तिने परवा तपासणीला आलेल्या साहेबांना, आपण बसून घ्यावं, असं सांगितलं. साहेब खूश!

मी 'न्हाय' म्हटलं की तू नाही का दहादा 'नाही' म्हणायला लावायचीस? आपल्या बोलण्याला लोक हसले, तसं या पोरांना कुणी हसू नये, एवढंच मनात आहे. विहारात सांग, भाची कामाची निघाली म्हणून.

लोभ आहेच, लग्नाचा विषय वगळून वाढवावा.

तुझी प्रज्ञा

रेवदंडा
४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात सगळ्यांपुढे वाचलं. टाळ्या पडल्या. तिथे डोल्मा नावाची तिबेटी बाई आली होती. दरवर्षी अलिबागला स्वेटर विकते. आपल्याकडे कुठली मेली थंडी, पण खपतात. माझ्याआधी ती बोलली होती. तिच्या बहिणीची मुलगी तिकडे तिबेटात. पाचव्या वर्षी निवासी शाळेत नेली, तिथे सगळं चिनी. सुट्टीत घरी आली तर आजीशी बोलता येईना. दोघी समोरासमोर बसून रडल्या म्हणे. आम्ही सगळ्या हळहळलो. त्या मुलांची भाषा वाचवा, अशा निवेदनावर पहिली सही माझी. आणि सही करून उठले ती थेट तुझं पत्र वाचायला! जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती.

विहारातल्या किशोरीने तिला पत्र हिंदीत समजावलं. ती रागावली नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या आया शाळेत येतात तेव्हा मुलं त्यांच्याशी कशात बोलतात, एवढंच तिने मला विचारलं. बत्तीस वर्षं शिकवलं मी, तुलाही घडवलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मराठी जरूर शिकव, त्यावाचून त्यांचं चालायचं नाही. पण त्यांची तोंडं बंद करून नको. लाज तुझ्याआधी माझी आहे. डोल्माला काय सांगू ते कळव.

तब्येतीला जप. माया होती तेवढीच आहे.

तुझी आत्या

आश्रमशाळा, ता. सुधागड
१८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

खरं सांगते, तुझं पत्र वाचून राग आला. कुठे ते चीनचं सरकार आणि कुठे मी! या पोरांसाठी मी जीव टाकते. पत्र ट्रंकेत टाकलं आणि नियम तसाच चालू ठेवला.

काल दिवाळीच्या सुट्टीला मुलांना न्यायला पालक आले. रंगूची आई नीराबाई वाडीवरून चालत आली. पोर धावत गेली, पण आईने काही विचारलं तशी गप्प झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. आईने पुन्हा विचारलं. तेव्हा रंगू कातकरीत दोनच शब्द बोलली. आणि मी काही म्हणायच्या आत आपण होऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून हाताची घडी घालून उभी राहिली.

आत्या, शिक्षा काय करते ते मी तुला लिहिलं नव्हतं. ती हीच.

नीराबाईने हात जोडून मला विचारलं, की पोरीचं काय चुकलं. मला मान वर करवेना. रंगूला हाताला धरून आणलं, तुमच्या भाषेत बोल आईशी, असं म्हटलं. ती बोलेना. मी समोर आहे तोवर ती बोलायची नाही, हे लक्षात आलं तशी मी वर्गात जाऊन दार लावून घेतलं. सुट्टीनंतर हा नियम नाही. पण तसं सांगितलं तरी मुलं माझ्यावर विश्वास कसा ठेवतील?

डोल्माला हे सगळं जसंच्या तसं सांग. आणि हेही सांग, की दोघी फाटकाबाहेर पडल्यावर मला रंगूचा आवाज ऐकू आला. भडाभडा बोलत होती, हसत होती. मला एक अक्षर कळलं नाही. एवढे महिने पोर माझ्याजवळ होती, आणि ती इतकी बोलकी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तरी असू दे.

तुझी प्रज्ञा