आईला उपयोग नसल्याचा दाखला

प्रति,
मा. संचालक,
वार्धक्य संशोधन संस्था

विषय : माझ्या संशोधनापासून माझ्या आईला काहीही फायदा होणार नाही, असे सही-शिक्क्याचे पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : संस्थेचे प्रसिद्धिपत्रक, ‘म्हातारपणावर मात करणारी तरुण शास्त्रज्ञ’.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मला यंदाचा तरुण शास्त्रज्ञ पुरस्कार एका प्रथिनावरील कामासाठी मिळाला. वय वाढले की पेशींतील प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. हे प्रथिन त्या पुन्हा नीट घालते. त्यामुळे आमच्या काचेच्या बशीतले जंत थोडे जास्त दिवस वळवळले. प्रकरण एवढेच आहे.

२. प्रसिद्धिपत्रक वाचून आईने फोनवर विचारले, “म्हणजे आता माझं औषध काढतेस तर?” मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. “हो गं आई,” म्हणाले आणि फोन ठेवला. पत्रक संस्थेचे असले, तरी ते ‘हो’ माझे आहे.

३. आईच्या हृदयाची झडप खराब आहे. शस्त्रक्रियेसाठी मिळालेला नंबर तिने खालच्या मजल्यावरच्या मावशींना परस्पर देऊन टाकला. “तुझ्या घरात कुठे कोणी शास्त्रज्ञ आहे? तू जा आधी,” असे कारण दिले. मावशी ठणठणीत होऊन आल्या आणि आता त्याच जिना चढताना आईला हात देतात. डॉक्टरांनी मला चांगलेच फैलावर घेतले. त्यांचे काही चुकले नाही.

४. मी आईला खरे सांगून पाहिले. तिने तो माझा मोठेपणा समजून पाठ थोपटली. भावाने सांगितले, तर तो जळकुकडा ठरला. तिचा विश्वास फक्त शिक्क्याच्या कागदावर आहे.

५. संस्था आपल्याच पुरस्कारविजेतीविरुद्ध कसे लिहील, असे आपण तोंडी म्हणाला होता. तरी पुरस्कार आधी काढून घ्यावा. ‘थापाडी’, ‘बिनकामाची’ असे शब्द घातल्यास माझी हरकत नाही. अक्षर मात्र मोठे असावे, आईला बारीक दिसत नाही. शिक्का गोल असल्यास उत्तम.

६. काल आई धापा टाकतच बोलली. “जिवाला त्रास करून घेऊ नकोस. सावकाश शोध. मी थांबते.”

महोदय, तिला थांबता येणार नाही. हे मी सांगायला हवे, पण माझी जीभ रेटत नाही. ते संस्थेने सांगावे. पत्र टपालाने पाठवू नये, मी स्वतः नेईन. ते वाचताना तिच्याजवळ कोणीतरी हवे.

आपली अपराधी व नम्र,
(सही)
कनिष्ठ शास्त्रज्ञ, प्रथिन विभाग
दिनांक : १२ जून

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी
२. रजेचा अर्ज
३. पुरस्काराचे सन्मानचिन्ह (जोडता आले नाही. ते आई उशाशी घेऊन झोपते.)