शाळेचं नवं फाटक

१२ ऑगस्ट २०२५

चि. सोनिया,

अनेक आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मका डोक्याएवढा झालाय. म्हैस व्याली, रेडकू धडधाकट आहे. तुझ्या मेसचं जेवण सुधारलं का?

पत्र बघून हसशील. पण हल्ली माझा फोन माझ्याआधी दुसरंच कुणी उचलतं. सुकेशनी उद्या लासूर स्टेशनवरून कॉलेजला येतेय, तिच्याकडं चिवड्याच्या पिशवीत हे घालून देते. तिला फक्त चिवडाच माहीत आहे.

शाळेला नवं फाटक बसतंय. खर्च नानासाहेबांचा. ज्यांच्या दुकानातून मधल्या सुट्टीत पोरं तंबाखूच्या पुड्या नेतात, तेच नानासाहेब. तुमच्या गटातल्या पोरापोरींना म्हणाले, "तुम्ही व्यसनमुक्ती करा, आमचाबी हात लागू द्या की चांगल्या कामाला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या द्वारकाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हा गडी फुकट रामराम करत नाय, अन् लोखंडाचं फाटक द्यायलाय व्हय?"

तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. जुनं फाटक दुकानाच्या अगदी समोर आहे. ते बुजवणार आणि नवं मागच्या भिंतीला, ओढ्याच्या अंगाला बसवणार. रस्त्यावर गाड्या फार, असं कारण सांगतात. आणि तू ग्रामसभेसाठी लिहिलेल्या ठरावात काय आहे? शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांत तंबाखूची विक्री नको. फाटक मागं गेलं की दुकान सुटलं.

पण तुझा ठराव अजून पंचायतीत दिलेलाच नाही. मग नानासाहेबांना हे सुचलं कसं?

आधी मला हेडमास्तरांचा संशय आला. मग तुमच्यातल्या सत्यमचा, कारण त्याच्या बापाचं त्या दुकानात उठणं-बसणं. आडून विचारलं तर पोरगा रडकुंडीला आला. "मामी, ठरावापायी बाप माझ्याशी बोलत नाय, अन् तुम्ही मलाच विचारता?" मला लाज वाटली.

काल संध्याकाळी शेतातून येताना पाहिलं, दुकानापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावून मोजणं चाललं होतं. एक टोक दुकानातल्या गोकुळच्या हातात. दुसरं कुणी धरलं होतं ते अंधारात दिसलं नाही.

तुझे मामा ठीक आहेत. भाकरी दुधात कुस्करून खातात. पुड्या खाऊन खाऊन तोंडात दोन बोटंही जात नाहीत आता. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणतात, "इलेक्शन होऊ दे." नानासाहेबांच्या पॅनलमधून उभे राहणार आहेत. तुला सांगितलं नसेल.

अंधार नव्हता, सोनिया. चांगला उजेड होता.

मागच्या महिन्यात तू आमच्या ओट्यावर बसून ठराव लिहीत होतीस. तू 'कुंपणापासून' लिहिलंस, कायद्यातही तसंच आहे म्हणालीस. मामा म्हणाले, "कुंपण चहूकडं पसरलंय, कुठून मोजायचं? फाटक लिही बाई, लोकांना लगेच समजतं." तू हसून खोडलंस. "मामा म्हणजे माझे वकील!" मी आत चहा गाळत होते. मलाही कौतुकच वाटलं.

काल जेवताना विचारलं, "टेप धरायला तुम्ही गेलता का?" ताटाकडं बघत म्हणाले, "तू तुझं चुलीचं बघ." हो म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं.

परवा, चौदाला, महिलांची सभा आहे. दर वेळी आम्ही सह्या करून चहा पिऊन येतो. यंदा मी उभी राहणार. चारी बाजूंनी, कुंपणापासून मोजा, असा ठराव मांडणार. द्वारकाबाईंना मामांचं काही बोलले नाही, पण त्या हात वर करतील. बायकांचा ठराव पंधराच्या ग्रामसभेत वाचावाच लागतो.

तू पंधराला ये. पण या वेळी आमच्याकडं उतरू नकोस, सुकेशनीच्या घरी थांब. मामा समोर आले तर नेहमीसारखी पाया पड. त्यांना चारचौघांत खोटं पाडायची वेळ आली तर मी पाडीन, तू नाही. दवाखान्यासाठी त्यांना कधीतरी शहरात यावंच लागेल. तेव्हा तुझं दार वाजवायला त्यांना तोंड राहिलं पाहिजे.

परवापर्यंत त्यांच्या विश्वासातली,
तुझी सुरेखामामी